वहीतली बावीस नावं : एका डोगोन गावातला दामा आणि धान्य बँकेची बाजरी

गाव, माणसं आणि मी तेव्हा जिथे नोकरीला होते ती संस्था, तिघांचीही नावं मुद्दाम टाळली आहेत. संस्थेत मी धान्य बँकांचं काम बघायचे. हे लिहिते आहे ते अशाच कामात असलेल्या मंडळींसाठी. एका कर्जमागणीवर निर्णय घ्यायला आम्हाला तीन महिने का लागले आणि त्यातले दोन माझ्यामुळे कसे गेले, ते यात आहे.

गाव आणि बँक

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीतला बांदियागाराचा कडा सुमारे १५० किलोमीटर लांब आहे. वालुकाश्माचा, काही ठिकाणी ५०० मीटरपर्यंत उंच. वर खडकाळ पठार, खाली सेनोचं वाळूचं मैदान, आणि कड्याला बिलगून डोगोन लोकांची गावं. १९८९ पासून हा सगळा मुलूख युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मान वर केली की कड्याच्या पोटात कपारी दिसतात. डोगोन येण्याआधी इथे राहणाऱ्या तेलेम लोकांच्या त्या कपारी. डोगोन आपले मृतदेह दोरांनी वर ओढून त्यांत ठेवत आले. म्हणजे गावाची स्मशानभूमी गावाच्या डोक्यावर असते.

मी पारनेरकडची. बाजरी मला कोणी शिकवायची गरज नव्हती, असं मला वाटायचं. तिथली बाजरी पुरुषभर उंच जाते आणि कणीस हातभर लांब. भाकरी नाही, पिठाची घट्ट उकड करतात, तिला ‘तो’ म्हणतात, आणि ती गोरखचिंचेच्या पानांच्या बुळबुळीत कालवणात बुडवून खातात. धान्य बँकेचं काम सोपं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुगीनंतर पोती जमा करायची आणि जून ते सप्टेंबर, कणगी रिकामी असते तेव्हा, उसनी द्यायची. दहा नेली तर अकरा परत. धान्य फक्त खायला किंवा पेरायला मिळेल, हा संस्थेचा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला होता.

जानेवारी २०१५ मध्ये मी सभासदांची यादी तपासायला बसले. ९० घरं, ११२ सभासद. नाव वाचायचं, माणूस कुठे आहे ते विचारायचं. चौथ्याच नावाला सचिव म्हणाला, “वारले.” सातव्याला, “वारले.” शेवटी बेरीज केली तर २२ सभासद हयात नव्हते, काही तर चार-पाच वर्षांपूर्वी गेलेले. मी लाल पेन काढलं. सचिवाने वही मिटली आणि गुडघ्यावर ठेवली.

“ही नावं आत्ता नाही काढता येणार. अजून दामा झालेला नाही.”

मला वाटलं, टाळतोय. मेलेल्यांच्या नावावर कोणीतरी धान्य उचलत असणार, ही माझी पहिली शंका. ती मी बोलून दाखवली नाही, पण कार्यालयाला पाठवलेल्या टिपणात लिहिली. आज ते टिपण वाचलं की कानशिलं तापतात.

दामा म्हणजे काय

डोगोनांच्यात माणूस एकदाच मरत नाही, असं ऐकायला गमतीचं वाटेल, पण विधींच्या हिशेबाने ते तसंच आहे. आधी देह कपारीत जातो; हे लगेच. मग काही महिन्यांनी, सहसा सुगी झाल्यावर, ‘न्यू याना’ होतो. हा खरा अंत्यविधी. पुरुष जुन्या ठासणीच्या बंदुकांचे बार काढतात, खोटी लढाई होते, मेलेल्याच्या घराच्या माळवदावर नाचतात. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच नाही. मेलेला माणूस मात्र या काळात गेलेला नसतो. त्याची शक्ती, ‘न्यामा’, गावाच्या आसपासच रेंगाळते. ती धोक्याची असते आणि घर सुतकातून पूर्ण सुटत नाही. आपल्याकडे आत्मा अडकला म्हणतात, त्यापेक्षा हे फार वेगळं नाही. पण आपल्याकडे दहा-तेरा दिवसांत किंवा फार तर वर्षश्राद्धाला वाट मोकळी होते. इथे ती दामाला होते, आणि दामा एका माणसाचा नसतो. मधल्या काळात गेलेल्या सगळ्यांचा मिळून, सगळं गाव मिळून करतं. काही गावांत तो बारा-तेरा वर्षांनी येतो.

दामाला मुखवटे निघतात. ‘आवा’ ही मुखवट्यांची पुरुषमंडळी. तरुण मुलं गावाबाहेर जाऊन आपापले मुखवटे कोरतात, रंगवतात, धाग्यांचे लाल-काळे घागरे विणतात. डोक्यावर दुहेरी आडव्या दांड्यांचा कानागा, चार मीटरच्या वर जाणारा फळीसारखा सिरिगे, हरणाचा वालू, माथ्यावर स्त्रीची मूर्ती असलेला सातिंबे, ससा, माकड, शेजारच्या फुलानी समाजातल्या बाईची नक्कल, काठ्यांवर चालणारा पाणपक्षी. परदेशी पुस्तकांत याचेच फोटो असतात आणि मुखवटा म्हणजे लाकडाचा चेहरा एवढंच डोक्यात बसतं. तिथे मुखवटा म्हणजे लाकूड, धागे, आतला माणूस आणि नाच, सगळं मिळून. लाकूड तेवढं संग्रहालयात गेलं तर त्यांच्या लेखी मुखवटा गेला असं होत नाही. (जव्हार-मोखाड्याचा बोहाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.)

बायकांनी मुखवट्यांपासून लांब राहायचं असतं. अपवाद ‘यासिगिने’, मुखवट्यांच्या बहिणी. सिगी नावाचा सोहळा दर साठ वर्षांनी गावोगाव फिरतो. मागचा १९६७ ते १९७३ असा चालला, पुढचा २०२७ ला सुरू व्हायचा आहे. त्या काळात जन्मलेल्या मुलींमधून या बहिणी निवडतात. आमच्या गावातली यासिगिने पंचेचाळिशीची होती आणि धान्य बँकेच्या समितीवर होती. तिचा हा दुहेरी हुद्दा माझ्या लक्षात यायला मार्च उजाडला.

अजून एक गोष्ट आहे आणि सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं: बाजरीची बियर, कोन्जो. ती नसेल तर दामा नाही. पाहुण्यांना, नाचणाऱ्यांना, म्हाताऱ्यांना, पूर्वजांच्या वेदीला, सगळ्यांना ती लागते.

अडचण

गावातला आधीचा दामा २००० साली झाला होता. पुढचा २०१२ च्या उन्हाळ्यात करायचं ठरलं होतं. २०११ चा पाऊस फसला. मार्च २०१२ मध्ये राजधानी बामाकोत लष्करी उठाव झाला, उत्तरेचा मुलूख सरकारच्या हातून गेला, कड्यावर येणारे पर्यटक थांबले. वाटाडे, स्वयंपाकी, कोरीवकाम विकणारे सगळेच रिकामे झाले. दामा राहिला. २०१३ ला राहिला, २०१४ ला राहिला. दरम्यान माणसं मरायची थांबली नाहीत, आणि वहीतल्या बावीस जणांत आवाचे दोन जाणते म्हातारेही होते. मुखवट्यांशी बोलायची वेगळी भाषा आहे, सिगी सो. ती नीट येणारे आता एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. लांबणीवर टाकण्याची किंमत दर वर्षी वाढत होती. ती बाजरीत मोजता येत नसल्याने आमच्या तक्त्यात मात्र कुठे दिसत नव्हती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात समितीपुढे मागणी आली. बावीस मेलेल्यांमागे दोन-दोन, अशी ४४ पोती, शंभर किलोंची. बँकेत तेव्हा १८० होती. जूनला तीन महिने उरले होते.

खजिनदाराने तिथल्या तिथे विरोध केला. तो मुसलमान, गावातली बरीच घरं आता मुसलमान आहेत, थोडी ख्रिस्ती. तो म्हणाला, “आमच्याही घरांची पोती त्यात आहेत. त्यांची दारू होणार असेल तर आमची वेगळी काढून द्या.” त्याच्या बोलण्यात काही चूक नव्हती. फक्त बावीस नावांत एक नाव त्याच्या वडिलांचं होतं, आणि ते जुन्या रीतीतच वारले होते.

समोर काय काय होतं

नियमावर बोट ठेवून नाही म्हणायचं, हे माझ्यासाठी सर्वांत सोपं होतं. सचिवाने शांतपणे सांगितलं की मग लोक खाण्यासाठी म्हणून कर्ज काढतील आणि बियर करतील, तुम्हाला कळणारही नाही. खरं होतं ते.

सगळी ४४ द्यायची तर उरतात १३६. नव्वद घरांना चार महिने. पाऊस आठ-दहा दिवस लांबला तरी जुलैअखेर बँक रिकामी.

आणखी एक वर्ष थांबायचं, हे मी सुचवलं. तोगुनात (बसायची जागा, बाजरीच्या ताटांच्या थरांचं छप्पर इतकं खाली की रागाने उठून उभं राहिलं तर डोकं आपटतं) म्हाताऱ्यांची बैठक झाली आणि प्रश्न कोल्ह्याकडे गेला. संध्याकाळी गावाबाहेर वाळूत चौकोन आखतात, त्यांत काटक्या-खडे मांडतात, शेंगदाणे टाकतात. रात्री कोल्हा येऊन खातो आणि सकाळी त्याच्या पावलांवरून उत्तर वाचतात. मी मनात हसले होते. पण एक कबूल करायला हवं. आमच्या कार्यालयाला मी त्याच दिवशी पाठवलेल्या पत्राला उत्तर यायला पाच आठवडे लागले. कोल्ह्याचं सकाळी आलं. याच वर्षी करा.

चौथी वाट बाहेरून आली. एका परदेशी चित्रीकरण मंडळीने निरोप पाठवला: बाजरीचा आणि बकऱ्यांचा सगळा खर्च आम्ही देतो. तारीख आधी पक्की हवी, सगळं दोन दिवसांत आणि उजेडात उरकायला हवं, माळवदावर कॅमेरा लावू द्यायला हवा. गावातली तरुण मुलं अनुकूल होती. पर्यटकांसाठी मुखवटे नाचवायची सवय या भागाला जुनी आहे आणि त्यात कोणाला फारसं वावगं वाटत नाही. पण तो नाच वेगळा आणि दामा वेगळा, हे दोन्ही बाजूंना स्वच्छ माहीत होतं. म्हाताऱ्यांचं म्हणणं एवढंच पडलं की शेवटच्या दिवशी चौकात या, रात्री नाही आणि माळवदावर नाही. मंडळी आली नाही. विषय संपला.

पाचवी वाट यासिगिनेने काढली, तीही सभेत नाही. कांद्याच्या वाफ्यात.

डोगोनांचा कांदा साऱ्या मालीत जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी असते. बायका छोटे कांदे दगडावर कुटतात, त्यांचे लाडूएवढे गोळे वळून खडकावर वाळवतात. अख्खा खडक हिरवट गोळ्यांनी भरतो आणि वास नाकातून दोन दिवस जात नाही. ती गोळे वळत होती. मी नियम, कर्ज, व्याज असं काहीतरी बोलत होते. ती म्हणाली, “तुझी बँक उसनं देऊ शकत नाही. पण विकत आणू शकते की नाही?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तसा प्रश्न नियमावलीत कोणी विचारलाच नव्हता.

काय ठरलं

ज्यांच्याकडे पाण्याजवळ कांद्याचे वाफे होते अशी घरं सोळा. त्यांनी कांद्याचे पैसे एकत्र केले. सेनोत कोरो-बांकासकडे बाजरी जास्त पिकते, तिथल्या बाजारातून बँकेने एकदम ३२ पोती आणली. सुट्ट्यापेक्षा स्वस्त पडली आणि वाहतूक वाटली गेली. ट्रक वाळूत जिथवर आला तिथवर आला. पुढे गाढवांच्या गाड्या. खजिनदाराने आपल्या वाट्याची दोन पोती दळायला दिली. पाहुण्यांचा ‘तो’ त्यांचा होईल, बियर नाही. शिवाय एक मेंढा. यावर कोणी काही बोललं नाही, आणि मला वाटतं, हे न बोलणं हाच त्या गावातला सर्वांत अनुभवी निर्णय होता.

उरली सहा घरं. विधवा, म्हाताऱ्या, वाफे नसलेली. त्यांच्यासाठी बँकेने १२ पोती कर्जाऊ दिली. नेहमीचीच अट, दहाला अकरा.

नियम? नियमात ‘खायला’ होतं. बियर खाणं की पिणं यावर मी कार्यालयाशी वाद घातला नाही. वहीत ‘दामा’ असंच लिहायला सांगितलं. सचिवाने विचारलं, “बियाणं लिहू का? चालून जाईल.” मी नाही म्हटलं. मी केलेल्या गोष्टींतली ही एकच अशी आहे जी आजही तशीच करेन.

आबिदजानचा मुलगा

या सहा घरांतलं एक घर एका आईचं होतं. तिचा मुलगा बँकेचा पहिला सचिव. वहीची सुरुवातीची पानं त्याच्या अक्षरातली. सात आकडा तो आडवी रेघ देऊन काढायचा. पुढे तो कामासाठी आयव्हरी कोस्टला, आबिदजानला गेला, तिथेच वारला, तिथेच पुरला. बावीस नावांत एक त्याचं.

पण देह नाही म्हणून न्यू याना झालेला नव्हता, आणि न्यू यानाशिवाय दामात नाव घेता येत नाही. दोन म्हातारे म्हणाले, त्याला सोडा. आईने एकाच मुद्द्यावर सगळ्यांना गप्प केलं: त्या गोऱ्याचा कसा केला होतात?

तो गोरा म्हणजे मार्सेल ग्रिओल, १९३१ पासून या भागात येणारा फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ. १९५६ च्या फेब्रुवारीत तो पॅरिसमध्ये वारला. याच कड्यावरच्या सांगा गावच्या डोगोनांनी त्याचा पुतळा करून त्याच्यावर अंत्यविधी केले. शेतकरी मेला की त्याची कुदळ मोडतात, त्याची शेती संपली म्हणून. ग्रिओलच्या वेळी कुदळीऐवजी पेन्सिल मोडली, कारण ती कायम त्याच्या हातात असायची, असं सांगतात. आपल्याकडे देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी करतात, ते मी त्यांना सांगितलं. म्हाताऱ्यांना ते फार रुचलं. पाने कुठल्या झाडाची, किती, कोण मोजतं, असे प्रश्न आले आणि मला निम्म्यांची उत्तरं देता आली नाहीत.

पुतळा झाला. काटक्या, त्याचा जुना सदरा, पांघरूण. मला वाटलं, आता काय मोडायचं हे उघड आहे, आणि मी आईला म्हटलंही: त्याचं पेन मोडायचं का? तिने माझ्याकडे पाहिलं. “वही त्याने चार वर्षं लिहिली. शेत वीस वर्षं केलं.” कुदळ मोडली.

या वाढीव विधीला वाढीव बियर लागली. अर्धं पोतं यासिगिनेने दिलं, अर्धं बायकांच्या गटाने. बँकेकडे कोणी मागितलं नाही.

दामाचे दिवस

एप्रिलच्या अखेरीस, ताप चढावा तशा उन्हात, बियर लागली. बाजरी भिजवून पाल्याखाली मोड आणायचे, वाळवायचे, कुटायचे, मग मोठ्या मडक्यांत दिवसभर उकळायचं. विरजण म्हणजे आधीच्या खेपेच्या गाळात भिजवून वाळवलेली, पीळ दिलेली दोरी. ती मडक्यात सोडली की रात्रीतून फेस धरतो. ही दोरी घराघरातून मागून आणलेली पाहिली तेव्हा मला आमच्या आळीतलं वाटीभर विरजण आठवलं. हे सगळं काम बायकांचं. मुखवट्यांच्या जवळ त्या जाऊ शकत नाहीत, पण किती दिवसांनी मुखवटे निघायचे हे त्यांच्या मडक्यांवर ठरत होतं. एका घराची बियर आंबली नाही म्हणून सगळा सोहळा एक दिवस पुढे गेला. त्या चित्रीकरणवाल्यांचं काय झालं असतं कोण जाणे.

मला पाहुणी म्हणून पुढे बसायला सांगितलं होतं. मी माळवदावर बायकांत बसले. तिथून मुखवटे लांब दिसतात, पण दुसरं काहीतरी जवळून दिसतं. आत कोण आहे हे बायकांना माहीत नाही असं मानायचं असतं. शेजारची बाई तोंडावर पदरासारखं फडकं धरून माझ्या कानात म्हणाली, “तो तिसरा. टाचा बघ. भेगा कोणाच्या आहेत ते मला माहीत आहे, तेल मीच लावते.” आणि लगेच गंभीर झाली.

कानागा रांगेने आले. नाचणारा कमरेतून अंग फेकतो आणि डोक्यावरचं लाकूड गोल फिरत जमिनीला घासून जातं, धुळीत अर्धवर्तुळ उमटतं, मागचा येऊन त्यावर आपलं काढतो. पोरगा दमला की गती नाही, वर्तुळ बिघडतं. ते सगळ्यांना दिसतं. म्हातारे सिगी सोमध्ये ओरडून हुरूप देतात. वाक्यं लांबवर ऐकू आली, पण आमच्या बाजूला कोणालाच कळली नाहीत, कळायची नसतात. सिरिगे एकच होता. चार मीटरची फळी दातांत धरलेल्या आडव्या काडीवर तोलून तो गुडघ्यांवर बसला, टोक पुढे टेकवलं, मग मागे. आमच्या माळवदावर तेवढा वेळ कोणी श्वास घेतला नसावा. यासिगिने भोपळ्याचा डाव घेऊन खाली मुखवट्यांमध्ये होती. काल जिच्याबरोबर मी पावत्या मोजल्या तीच ही, हे जुळवायला मला वेळ लागला.

घराघरांच्या माळवदावर मुखवटे चढले. खजिनदाराच्या घरी मी खालीच होते. चढायला खाचा पाडलेला ओंडका असतो, तो डगमगतो. अस्रची नमाज उरकून तो अंगणात आला, न बोलता ओंडका दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. मुखवटे त्याच्या डोक्यावरून वर गेले. खाली उतरेपर्यंत त्याने हात सोडले नाहीत.

शेवटच्या संध्याकाळी मृतांना गावाबाहेर पोचवलं गेलं. ते आता पूर्वज झाले होते.

हिशेब

जून-जुलैमध्ये बँकेत १६८ पोती होती, ती पुरली. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फक्त तळ दिसला. आमच्या गावात त्या वर्षी पीक बरं आलं. तीन विधवांचं सुतक सुटलं. एकीने पुढच्या वर्षी लग्न केलं. बँकेचे सभासद वाढले, कारण एकत्र खरेदी करता येते हे लोकांना कळलं. पुढच्या वर्षी त्यांनी तसंच खत आणलं.

कार्यालयाचा तपासनीस आला तेव्हा त्याला ‘दामा’ शब्दावर काही म्हणायचं नव्हतं. त्याने बोट ठेवलं ते दुसरीकडे. दोन पोत्यांचं कर्ज मृत सभासदाच्या नावावर दिलेलं आहे. आईने ते मुलाच्या नावावर काढलं होतं. शेवटचं देणं त्याच्या नावावर असू द्या, असं तिने सचिवाला सांगितलं होतं आणि त्याने लिहिलं होतं. अहवालात ती अनियमितता म्हणून नोंदली गेली. मी खुलासा दिला. तो जोडला गेला की नाही माहीत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

यादी तपासताना पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं: नाव का काढता येत नाही? मी विचारलं ते “कोण उचलतं यांचं धान्य?” आणि तेही पाठीमागे. टिपणातली ती ओळ दुभाष्याकडून गावात पोचली. जानेवारी-फेब्रुवारी दोन महिने समितीने माझ्याशी हवापाण्याखेरीज काही बोलणं केलं नाही. दामाचं त्यांच्यात डिसेंबरपासून घाटत होतं. तेव्हाच कळतं तर सुगीच्या तोंडावर, बाजरी सर्वांत स्वस्त असते तेव्हा खरेदी झाली असती. मार्चमध्ये भाव चढायला लागले होते. सोळा घरांनी त्या संशयाची किंमत कांद्यात मोजली.

सहा घरांना व्याज लावायला नको होतं, असं मला नंतर वाटलं. हे मी यासिगिनेला बोलले तर तिला पटलं नाही. फुकट दिलं असतं तर त्या बायकांचा दामा गावाने केला असं झालं असतं, त्यांनी केला असं नाही. मी तिच्याशी अजूनही पुरती सहमत नाही, पण निर्णय तिच्या गावाचा होता.

चित्रीकरणाबाबत घाईने सुटलो. गावाने स्वतःच्या वापरासाठी सिगी सोचं ध्वनिमुद्रण करून ठेवावं का, हा प्रश्न त्या निमित्ताने म्हाताऱ्यांपुढे मांडता आला असता. आम्ही तो पैशांच्या प्रश्नात बुडवला. त्यातले दोघे आज नाहीत. २०१८ नंतर त्या पट्ट्यात गावंच्या गावं जळाली, डोगोनांची आणि फुलान्यांचीही. ओळखीची काही घरं सेवारे शहरात निघून गेली. आता तो प्रश्न विचारायला जाण्याचा रस्ताही सरळ नाही.

नोव्हेंबर

दामा संपल्यावर मे महिन्यात सचिवाने आपणहून वही काढली होती आणि एकवीस नावांवर रेघ मारली होती. एक ठेवलं, कारण त्या नावावर देणं होतं.

नोव्हेंबरात आई गाढवाची गाडी घेऊन आली, बरोबर नातू. दोन पोती आणि वर वीस किलो. वीस किलो तिने दोनदा तोलायला लावले. सचिवाने ‘परत मिळाले’ लिहिलं, मग मागची पानं उलटून पहिल्या पानावर आला. पट्टी ठेवली आणि हलक्या हाताने रेघ ओढली.

तिला वाचता येत नव्हतं. तिने नातवाला पुढे केलं. “दिसतंय का अजून नाव?”

पोराने रेघेखालून अक्षरं लावली. “दिसतंय.”

ती गाडीकडे वळली आणि रिकामी पोती मागितली. पोती तिची स्वतःची होती.